नागपंचमीला रचलेलं अजगरांचं घर

झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी बाई मी. तरीही नागपंचमीच्या सकाळी नगरहून अकोले स्टँडवर येऊन उतरले. माझी भाची सविता तिथे वनरक्षक आहे. ती जीप घेऊन उभीच होती.

"मावशी, पुढं बस. मागं पाहुणे आहेत."

पाहुणे म्हणजे खोक्यांतली अजगराची पिल्लं! मी दाराला अशी चिकटले की ड्रायव्हरला हसू आवरेना.

भंडारदऱ्याकडे जाताना दोन्ही बाजूंना भातखाचरं हिरवीगार झालेली. सविता सांगत होती, या डोंगरातले अजगर लोकांनी दिसतील तसे मारून संपवले. शेजारच्या खोऱ्यात रस्त्याच्या कामात अंडी सापडली, त्यांतून ही पिल्लं निघाली आणि वनखात्याच्या केंद्रात वाढली. आता ती इथल्या सरकारी जंगलात सोडायची. गावाला तयार करता करता तिच्या तोंडाला फेस आला होता. शेळ्या राखणाऱ्या ठकूबाई तर अजूनही नाहीच म्हणत होत्या. आणि सोडायची परवानगी फक्त आजची होती.

गावात पोचलो तर वेगळाच घोटाळा. पिल्लांना आसरा म्हणून जंगलाच्या कडेला खड्डा खणून वर दगड रचायचे होते. कालच्या पावसाने ते राहून गेलं आणि आज कुणी टिकावाला हात लावेना. नागपंचमीला जमीन खणतात का कुठे!

"ताई, उद्या खांदू की," एक गडी म्हणाला.

"उद्या परवानगी नाही हो!" सविता रडकुंडीला आली. शेवटी तिने स्वतःच टिकाव उचलला.

ठकूबाईंनी तिचा हात धरला. "अगं पोरी, त्येच्याच सनाला जमीन फोडतीस व्हय? मला न्हाई पायजे तुझा अजगर. पन आजच्या दिशी दारात आल्याला माघारी कसं धाडू? खांदू नको. नुसतं रचू."

मग काय विचारता! नव्या साड्यांचे पदर खोचून बायका बांधावरचे दगड वाहू लागल्या, वर गाणीही. मीही वाहिले. एका दगडाखाली गांडूळ निघालं आणि मी किंकाळी फोडली, तेव्हा सगळ्या पोट धरून हसल्या. मग तुपात बुडवलेली गरमागरम दिंडं (पुरण भरून उकडलेल्या घड्या) खाल्ली. अहाहा!

दुपारी खोके उघडले. पिल्लं एकेक करून दगडांच्या फटींत शिरली. शेवटचं मात्र वळलं आणि जीभ लवलवत आमच्याकडे बघत राहिलं. ठकूबाई पुढे झाल्या, हात जोडले.

"भाऊराया, घर बांधून दिलंय, ऱ्हा सुखानं. शेळ्या मातुर माझ्या हायेत, सांगून ठिवते!"

पिल्लू आत गेलं. सविता हसता हसता रडायला लागली.

घरी आले तेव्हा खांदे आखडले होते, पण मन कसं हलकं झालं होतं. "भीती नाही वाटली?" सगळ्यांचा एकच प्रश्न. वाटली की! ठकूबाईंना तर माझ्याहून जास्त वाटत असणार, शेळ्या त्यांच्या. तरी पहिला दगड त्यांनीच आणून ठेवला.