खालच्या कुरणातलं हिरवं गवत

“मेंढी मरत नाही. माणूस तिला मारतो.”

दुसरं कुणी ‘आज गारठा आहे’ म्हणेल, तितक्या सहज नोवेला रेडफर्न हे म्हणायची. अमेरिकेतल्या आमच्या ओझार्कच्या टेकड्यांत समजूत उलटी आहे. मेंढी जन्माला येते तीच मरायचं निमित्त शोधत, असं इथले गाईवाले म्हणतात, आणि मी गाईवाला. तिच्या-माझ्या रानात एक तारेचं कुंपण. त्या कुंपणावरून हे भांडण आम्ही दोघांचे केस पिकेपर्यंत चालवलं.

“तुझ्या मेंढ्या शिंक आली तरी मरतात गं,” मी डिवचायचो.

“माझ्या नाही. तू पाळल्यास तर शिंकेशिवाय मरतील.”

तिच्या मेंढ्या लोकरीच्या नव्हत्या, केसांच्या होत्या, मटणासाठी पाळलेल्या. त्यांना कातरावं लागत नसे. थंडी सरली की अंगावरचा दाट थर आपोआप सुटायचा आणि पुंजके आमच्या तारेला लटकायचे. माझ्या गोठ्यातली पाखरं ते उचलून नेत आणि नोवेलाच्या मेंढ्यांच्या केसांवर अंडी घालत.

नवरा हार्लन गेला तेव्हा मागे एक खडकाळ टेकडी आणि थोड्या मेंढ्या राहिल्या होत्या. कळप तिने उभा केला तो अंगठ्याने. मेंढी मांडीशी दाबून धरायची आणि खालची पापणी ओढून बघायची. आतून लाल असली तर ठेवायची. फिकी असली तर पोटातला जंत रक्त पितोय असं समजायचं, आणि ती मेंढी बाजाराला जायची, कितीही लाडकी असो. असं वर्षानुवर्षं निवडत शेवटी तिला जंताच्या औषधाची बाटली ठेवायची गरजच उरली नाही. ईदच्या आधी कोंबडी कारखान्यात कामाला असलेली सोमाली कुटुंबं कोकरं घ्यायला यायची. त्यांच्यातला याकुब म्हातारा कोकराच्या पाठीवर हात फिरवून म्हणायचा, “बाई, कुर्बानीच्या जनावरात खोट चालत नाही. तुझ्या जनावराला बघावं लागत नाही.” त्या दिवशी नोवेला जरा ताठ चालायची.

मुलगी ट्वायला शहरात. आईने एकटं राहू नये म्हणून ती मागे लागलेली असे. नोवेलाने एकदाच सांगून टाकलं, “माझ्या मेंढ्या आहेत तोवर मी इथं. त्या संपल्या की तू म्हणशील तिथं येते.” ट्वायलाने कपाळावर हात मारला. मेंढ्या कसल्या संपतात!

मग तो कोरडा उन्हाळा आला. खालचं कुरण भाजून गेलं आणि विकतचं वाळलं गवत हिवाळाभर पुरलं नाही. वळणापलीकडे बर्ल लेडबेटरच्या कोंबड्यांच्या शेडी आहेत. वसंतात त्यांतलं खत उपसलं, तेव्हा नोवेला स्वतः त्याच्याकडे गेली.

“बर्ल, माझ्या खालच्या कुरणात टाकतोस का रे थोडं?”

“काकू, थोडं काय, ट्रकभर टाकतो. फक्त दोन-चार पाऊस होऊ द्या. धुऊन जाऊ दे, मग सोडा मेंढ्या.”

कोंबडखत इथं सगळेच टाकतात. माझं गवत त्याच्यावरच वाढतं. कुरण काळंभोर हिरवं झालं. पाऊस मात्र लांबला, मेंढ्या फाटकापाशी ओरडत राहिल्या, आणि नोवेलाने फाटक उघडलं.

तितका देखणा कळप मी कधी पाहिला नव्हता. पाठी भरल्या, कातडी चकाकली. “बघ, बघ, डोळे भरून बघ,” ती कुंपणावरून ओरडायची.

ईदसाठी कोकरं वेगळी काढायची म्हणून तिने सगळा कळप आत कोंडला, त्या सकाळी एक मेंढी मान टाकून उभी राहिली. तिचं मूत काळ्या कॉफीसारखं पडलं. नोवेलाने पापणी ओढली. लाल ती ओळखत होती, पांढरी ओळखत होती. ही पिवळी होती.

तिने मला हाक मारली. त्या आवाजात भांडण नव्हतं.

दुपारपर्यंत ती मेंढी गेली, पाठोपाठ आणखी गेल्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक फाडून पाहिली. काळीज पिवळं, मूत्रपिंड बंदुकीच्या नळीसारखं काळंनिळं.

“तांबं आहे हे. गाईंची मीठ-खनिजांची चाटणवीट देता का?”

“गाईंची वीट माझ्या फाटकातून कधी आत आलेली नाही,” नोवेला म्हणाली. “मेंढीला तांबं सोसत नाही, हे मला शिकवू नका.”

डॉक्टरीणबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्या कुरणाकडे बघत होत्या. “हे एवढं हिरवं कशानं?”

बर्लही आला होता. त्याने टोपी काढली. “काकू... कोंबड्यांच्या खाद्यात तांबं असतं. गाईंना काही होत नाही, म्हणून माझ्या डोक्यातच...”

“ते तांबं काळजात, म्हणजे यकृतात, साठत जातं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जनावर घाबरलं, दमलं की एकदम रक्तात उतरतं. औषध देते, पण किती वाचतील सांगता येत नाही. आणि तूर्त यातलं काही खाण्यासाठी विकू नका.”

याकुब ठरल्या दिवशी आला. नोवेलाने त्याला फाटकाबाहेरच थांबवलं. “या वर्षी बघावं लागेल रे बाबा,” ती म्हणाली. तो रिकामा परत गेला.

त्यानंतर तिने कळपाला हात लावला नाही. हात लावला असता तर मेंढी घाबरली असती. कुत्रा बांधून ठेवला, हाका मारणं सोडलं. औषध दाण्यात कालवून ठेवायची आणि दूर जाऊन बसायची. तरी त्या मरत राहिल्या. कुठं वीज कडाडली म्हणून, कुठं हरीण कुंपणावरून उडालं म्हणून.

बर्ल खड्डे खणायला यायचा. एकदा फावडं टेकून रडायला लागला. “मेंढ्याच त्या काकू. निमित्तच शोधत असतात.”

“नाही,” ती म्हणाली. “मेंढी मरत नाही.” पुढचं वाक्य तिला नि मला पाठ होतं. ती बोलली नाही.

पानं गळाली तेव्हा थोड्याच उरल्या. त्या जगतील की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, “अगं, आहेत ना अजून. मग ट्वायलाकडे कशाला जातेस?”

“ह्या माझ्या मेंढ्या नाहीत. माझ्या हातून मरता मरता सुटलेल्या आहेत. तू ठेव. आणि खालचं फाटक उघडू नकोस.”

ट्वायला गाडी घेऊन आली, तिला नोवेलाने खाली रस्त्यावरच थांबायला लावलं होतं. इंजिनाचा आवाज वर नको. दाराला कुलूप न लावता नोवेला निघाली. खडी वाजू नये म्हणून ती वाटेच्या कडेने, गवतावर पाय टाकत गेली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताचा अंगठा मुठीत दाबलेला. उरलेल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. ती वळणाआड होईपर्यंत त्या बघत होत्या, आणि तारेच्या अलीकडून मी.