पाय टोचतोय म्हणून

मनोहर धकाते गेल्याचं मला तक्रार करताना कळलं. कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या केंद्रात मी फोन केला, म्हटलं, पाय टोचतोय, धकात्यांना पाठवा. पलीकडून समजलं, त्यांना जाऊन चार दिवस झाले होते. आणि पाय तर टोचतही नव्हता.

अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हा मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. धकात्यांनी बसवलेल्या पायावर केंद्रात ऐटीत चालले आणि जरीपटक्याला घरी येताच लंगडू लागले. माझंच काही चुकत असेल म्हणून आठवडाभर गप्प बसले. शेवटी ते स्वतःच चौकशीला आले, मला दोन्ही खोल्यांतून चालवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "माह्यंच चुकलं, बाई. माप घेतलं चपलेवर, अन् आपण तं घरात अनवानी राहतो!" विणकराच्या घरातला माणूस, चुकलेला धागा तसाच पुढे जाऊ देणं त्यांना जमत नसे. त्यानंतर केंद्रात प्रत्येकाला अनवाणीही चालवून बघायला लागले. पाय दिल्यावर घरी जाऊन यायचं, यासाठी तर ते साहेबांशी भांडले. "पाय देल्ला म्हनजे काम संपलं काय, साहेब?" साहेब म्हणायचे, वेळ कुठे आहे? मग हे रविवारी स्वतःच्या स्कूटरवर निघायचे.

माझ्याकडे मात्र वरचेवर येत, कारण मी बोलावत असे. मुलगी परदेशात, शेजाऱ्यांची दारं बंद. कित्येक दिवस मी कुणाशी एक शब्द बोललेली नसे. धकाते यायचे, स्क्रू किंचित फिरवायचे, "आता पाहा बरं," म्हणायचे आणि चहा घेत तासभर बसायचे. जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि म्हातारपणी मीच धडधडीत खोटं बोलत होते. भोळा माणूस फसतो, याची लाजही वाटायची.

गेल्या आठवड्यात केंद्रातली नवी मुलगी न बोलावता आली. पाय तपासून म्हणाली, "मस्त आहे, काही करायची गरज नाही."

"मग तू आली काहून वं?"

तिने केंद्रातलं माझ्या नोंदीचं कार्ड पुढे केलं. खाली धकात्यांचं तिरपं अक्षर होतं, 'बाई एकट्या राहतात. पाय चांगला आहे. तरी जात जावे.'

तिला बसायला सांगून मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्याला धरून रडले. त्यांना सगळं ठाऊक होतं... आणि मी इतक्या वर्षांत एकदाही त्यांना नुसतं 'या' म्हटलं नव्हतं.