नानांचा खोकला आणि डोंगरातलं औषध

नाना गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही, संशय आला. धुळ्याला, देवपुरात, आमच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. जळगावहून मामेभाऊ बोलत होता, "ताई, नाना गेले. डॉक्टर म्हणतात, वय झालं होतं, त्यात बिडी." नानांनी बिडी कधीच सोडली होती आणि हे त्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं असं नाही. नाना असते तर फोन ठेवायच्या आत म्हणाले असते, "हाऊ डॉक्टर कोना माणूस शे, ते पहिले देख." काही आठवडे उलटले... डॉक्टर कुणाचा माणूस, मी अजून तेच बघते आहे.

नाना म्हणजे माझे थोरले मामा. राहायला जळगावच्या पिंप्राळ्यात, कामाला तिथल्याच एका डाळमिलमध्ये. भरडणीच्या यंत्रापाशी त्यांचं उभं आयुष्य गेलं. स्वभाव कमालीचा संशयी. दूधवाल्याने माप भरून वर थोडं जास्त घातलं की त्यांना वाटायचं, पाणी आहे म्हणूनच हात सैल सुटला. एस.टी.च्या पाटीवर त्यांचा विश्वास नसे. गाडी कुठली म्हणून ड्रायव्हरला विचारायचे, कंडक्टरला विचारायचे, शेजारच्या प्रवाशालाही विचारायचे आणि सगळ्यांचं उत्तर एकच आलं की माझ्याकडे बघून म्हणायचे, "बठ्ठा मिळेल शेतस." म्हणजे सगळे एकमेकांना सामील. मामी वैतागायची. मला मात्र ते फार आवडत. जगाला खोटं समजणारा हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोलला नाही.

त्यांना खोकला लागला तो एकोणीसशे ऐंशीनंतर कधीतरी. मिलमध्ये तुरीची धूळ इतकी उडायची की समोरच्याचा चेहरा दिसू नये. गावातले जुने कामगार जवळजवळ सगळेच खोकायचे. त्याच शेडमध्ये सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आलेली मजुरांची टोळी असे. ती माणसं होळीला घरी जायची आणि सण झाला की परत यायची. ती खोकत नसत. मालक हेच पुढे करायचे. "धुळीनं खोकला येतो म्हणता, मग या लोकांना का नाही येत? तुम्ही गावातली माणसंच नाजूक." मिलचे डॉक्टरही मान डोलवायचे आणि बिडीवर बोट ठेवायचे.

नानांचा मालकावर विश्वास नव्हता, डॉक्टरांवर त्याहून नव्हता. पण त्यांचा खरा संशय होता तो डोंगरातल्या माणसांवर. "त्या लोक कसलं तरी मूळ खातस. आपले सांगतस नही." जेवणाच्या सुट्टीत ते त्यांच्या भाकरीकडे टक लावून बसायचे. एकदा तर एकाच्या फडक्यातला तुकडा गुपचूप उचलून हुंगूनही पाहिला. होळीनंतर टोळीतले काही जण परत येत नसत, त्यांच्या जागी नवे येत. जुने कुठे गेले, तर नानांच्या मते सुरतेला, ते मूळ विकायला! आम्ही हसायचो. पण एका संध्याकाळी ओट्यावर चढताना त्यांना मध्येच बसावं लागलं आणि माझा हात धरून ते म्हणाले, "पोरी, माले जगनं शे अजून." मग मला हसू आलं नाही.

मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होते, होळीच्या सुट्टीत मामाकडे आले होते. मामीला लग्नाला जातो म्हणून सांगून नाना मला घेऊन ते मूळ शोधायला डोंगराकडे निघाले. चोपड्यापर्यंत एस.टी., पुढे जीप, मग पायवाट. दर थोड्या वेळाने नाना झाडाला टेकून उभे राहायचे आणि वाटेतल्या प्रत्येक झुडपाकडे चोराकडे बघावं तसे बघायचे. त्या मजुरांच्या गावात पोहोचलो तर पलीकडच्या टेकडीखाली एक ट्रक उभा होता. मिलचा मुकादम माणसं निवडत होता. पाठीवर धान्याचं पोतं घ्यायचं, टेकडी चढायची आणि वर जाऊन आपलं नाव मोठ्यानं सांगायचं. सांगताना खोकला आला की पोतं उतरवून घरी. ज्याचं नाव खणखणीत आलं, तो ट्रकमध्ये.

नाना बघत राहिले. मग आम्ही रेमसिंगचं घर विचारलं. हा रेमसिंग मिलमध्ये नानांच्या शेजारी काम करायचा आणि दोन होळ्यांपूर्वी गेला तो आलाच नव्हता. अंगणात उन्हाला तो बसला होता, छातीचा पिंजरा झालेला. जवळ आणखी काही जण होते. नानांनी एकेकाला ओळखलं. सगळे आमच्याच मिलमधले.

"अरे, तू ते सुरतले गया व्हता ना?" नाना म्हणाले.

"कोण जातं सुरतेला? खोकला लागला का घरी यायचं, नाना. परक्या गावात कोण मरेल?" रेमसिंगने नानांना खाटेवर बसवलं आणि बराच वेळ त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आता खरं सांग. तुमी गावची माणसं इतकं खोकता, तरी रोज कामावर येता. तुमच्याकडे कायतरी औषध आहे. आमाला का सांगत नाही?"

नाना आधी हसले. मग हसता हसता खोकू लागले, रेमसिंगही खोकू लागला, आणि अंगणातले सगळेच... मी पाणी कुणाला द्यावं ते मला कळेना. निघताना नानांनी खिशातली सरबतासारखी लाल खोकल्याची बाटली रेमसिंगच्या हातात ठेवली. "यानं काही व्हत नही," ते म्हणाले, "पन घे."

परत आल्यावर त्यांनी मालकाला सगळं सांगितलं. मालक म्हणाले, डोंगरातली हवा दमट, त्यानं खोकत असतील. नाना कामावर जात राहिले. त्यांचं घर गावातच होतं, ते कुठे परत जाणार?

गेल्या आठवड्यात मी त्यांचं सामान आणायला मिलमध्ये गेले. मालकांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "नानांची प्रकृती पहिल्यापासूनच नाजूक. नाहीतर ही माणसं बघा, लोखंड आहेत लोखंड." शेडमध्ये नवी, तरणी पोरं पोती उचलत होती. मी विचारलं, "गेल्या वर्षीची कुठे आहेत?"

"कुणास ठाऊक. सुरतेला गेली असतील."

नाना तोंडाला बांधायचे ते उपरणं त्यांनी माझ्या हातात दिलं. घडी घालावी म्हणून मी ते झटकलं. पिवळी धूळ उडाली आणि मला ठसका लागला, काही केल्या थांबेना. मालकांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि काळजीने म्हणाले, "धुळ्याची हवा बाधली वाटतं तुम्हाला, ताई."