तीटवाली आणि बारा स्लाइड्स

संजय कुंभोजकर दुकानात दुधाचा पुढचा कॅन कधी उचलत नाही. वाकतो, खांद्यापर्यंत हात फ्रिजमध्ये घालतो आणि अगदी भिंतीला टेकलेला काढतो. पुढचे खपवायला ठेवलेले असतात, असं त्याचं म्हणणं. अंड्यांचा खोका उघडून बाराही अंडी बोटाने जागच्या जागी फिरवून बघतो. शेजारचा अमेरिकन सकाळी हात करून "हे संजय, हाउ यू डुइंग?" म्हणाला, की हा "गुड, गुड, यू?" म्हणतो, दार लावून घेतो आणि बायकोला विचारतो, "याला काय हवं असेल गं?"

"काही नको असेल. माणूस हसला," नेत्रा सांगते.

"उगाचच?"

मूळचा सांगलीचा, आता नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीचा. अठरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात काहीतरी चुकलेलंच असणार, असं धरून चालायचा त्याला पगार मिळतो. ऑफिसात त्याचा फार मान आहे. घरी जरा कमी.

अशा माणसाने मासेमारीचा नाद कसा लावून घेतला, हे नेत्राला अजून उमगलेलं नाही. मासेमारीत सगळा कारभार न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याचा. पण तीन वर्षांपूर्वी जगन्नाथ वैरागडे काकांनी त्याला एकदा आपल्या ॲल्युमिनियमच्या बोटीत बसवून नेलं आणि हा बाटला. काका नागपूरचे, गेल्या वर्षी रिटायर झालेले. पहिल्या दिवशी संजयचे चार लूर, म्हणजे माशाला फसवायची खोटी आमिषं, दोरीतून सुटून थेट तलावात गेले, तेव्हा काकांनी गार पडलेल्या बोटांनी त्याला गाठ शिकवली. "दोनदा ओवायची, थुंकी लावायची, मग हळू ओढायची. घाई कायले करून राहिला?"

मराठी मंडळातल्या सहा जणांनी मिळून एक ग्रुप काढला होता. विक्रम त्याचा ॲडमिन. डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत स्पर्धा: मिलर्स बेंडच्या धरणात बास जातीचा मासा पकडायचा, मापाच्या पट्टीवर ठेवून फोटो काढायचा, आणि लगेच पाण्यात सोडायचा. तीन मोठ्या माशांची बेरीज. जुना फोटो कुणी खपवू नये म्हणून विक्रम दर शनिवारी पहाटे सहाला एक गुप्त शब्द पाठवायचा. तो कागदावर लिहून फोटोत माशाशेजारी ठेवायचा. बक्षीस म्हणजे बटण दाबलं की शेपटी हलवत गाणारा एक रबरी मासा. तो वर्षभर दिवाणखान्यात लावणं विजेत्याला सक्तीचं होतं. सहाही बायका आपला नवरा हरावा म्हणून मनापासून प्रार्थना करायच्या.

संजय पाचवा होता. सहावा अनय. त्याला डिसेंबरात जुळं झालं, तो तलावावर गेलाच नव्हता.

आणि पहिले होते जगन्नाथ काका. तेरा डिसेंबरला त्यांनी फोटो टाकला: मासा पावणेएकवीस इंच, शेजारी कागदावर "थालीपीठ". सत्तावीस डिसेंबरला दुसरा: मासा पावणेएकवीस इंच, कागदावर "भरीत". बाकीच्यांनी टाळ्यांचे हात पाठवले. संजयने दोन्ही फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी उघडले आणि मोठे केले. मग आणखी मोठे.

माशाच्या गालावर काळा ठिपका होता. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात, तसा, तेवढाच. शेपटीच्या वरच्या टोकाला एक खाचही होती. दोन्ही फोटोंत.

"नेत्रा! इकडे ये. हा तोच मासा आहे."

"बरं."

"बरं काय? दोन आठवड्यांच्या अंतराने तोच मासा! म्हणजे काकांनी तो कुठेतरी ठेवलाय. पिंजऱ्यात. जेटीखाली दोरीला बांधून. शनिवारी शब्द आला की बाहेर काढायचा, फोटो, परत आत."

"संजय, ते सहासष्ट वर्षांचे आहेत. रबरी मासा जिंकण्यासाठी ते मासा पाळतील?"

"तेच तर. कुणाला संशय येणार नाही."

वरच्या मजल्यावरून लेकीने, नीनाने, ओरडून सांगितलं, "डॅड, इट्स अ फिश!" पण तोवर संजयने पॉवरपॉइंट उघडलं होतं.

बारा स्लाइड्स झाल्या. पहिलीवर नुसतंच "निरीक्षणे". चौथीवर गालावरच्या तिटेभोवती लाल वर्तुळ. सातवी सगळ्यात जोरदार, मोठ्या अक्षरांत: "एवढ्या मोठ्या तलावात तोच मासा दोनदा लागणे अशक्य. दोनदा लागला, तर तो कुणाच्या तरी ताब्यात आहे." आठ जानेवारीला त्याने त्या ग्रुपवर टाकल्या. काकांच्या नोंदी रद्द कराव्यात आणि त्यांना ग्रुपमधून काढावं, अशी मागणी बाराव्या स्लाइडवर होती.

ग्रुपवर तीन तास गेले. मग विक्रम आला, मीटिंगमध्ये बोलतो तसाच. "मित्रांनो, लेट्स नॉट जंप टु कन्क्लूजन्स. संडेला माझ्याकडे तिळगूळ आहे, तेव्हा समोरासमोर बोलू आणि वोट घेऊ. काका, तुमची साइड?"

काकांनी नुसता एक नमस्कार पाठवला.

"बघितलंस?" संजय म्हणाला. "नाकारलं नाही."

नेत्रा फोडणीत मोहरी टाकत होती. तिने मान वर केली नाही. "ज्या माणसाने तुला गाठ बांधायला शिकवली, त्याला रविवारी सगळ्यांसमोर चोर ठरवणार तू. आणि तुझं चुकलेलं निघालं तर?"

"म्हणून तर शनिवारी पिंजऱ्याचा फोटो काढायला चाललोय."

शनिवारी पहाटे सहाला शब्द आला, "अळूवडी". सातला संजय तलावावर होता. अंगात दोन थर्मल, वर छातीपर्यंत येणारी बिबची विजार, वर जॅकेट, वर लाइफ जॅकेट. खिशात हात गरम ठेवायच्या पुड्या, गळ्यात दुर्बीण. धरणाचं पाणी हिवाळ्यासाठी उतरवलेलं होतं, तांबड्या मातीचे काठ उघडे पडले होते आणि एरवी बुडलेली झाडांची खोडं दातांसारखी वर आली होती. पाणी चव्वेचाळीस फॅरनहाइट, पाण्याखालचे मासे दाखवणारा फिश फाइंडर सांगत होता. तो खरं सांगतोय ना, म्हणून संजयने दोरीला बांधलेला थर्मामीटरही सोडून बघितला. चव्वेचाळीसच.

काका कुठे असतात ते फोटोंच्या पार्श्वभूमीवरून त्याने काढलं होतं. धरण होण्याआधीचा जुना रस्ता जिथे पाण्यात उतरतो, तिथे. त्याच रस्त्याच्या अलीकडे, एका वठलेल्या झाडाआड, त्याने आपली कयाक खोडाला दोरीने बांधली. दीडशे यार्डांवर काकांची बोट. नुसतं टक लावून बसलं तर वाईट दिसेल, म्हणून त्याने रॉड काढला. जर्कबेट लावला. हा बोटभर लांबीचा, गळ लटकवलेला प्लास्टिकचा खोटा मासा. तो फेकायचा, दोनदा झटका द्यायचा आणि पाण्यात अधांतरी थांबवून ठेवायचा. गारठ्यात बास सुस्त असतो, धावत येत नाही. विचार करून येतो. पण संजय मोजून पाच सेकंद थांबायचा, कारण यूट्यूबवरचा माणूस पंचवीस म्हणाला होता आणि तो माणूस संजयला पहिल्यापासूनच थापाड्या वाटला होता.

त्याने लूर फेकला. दोन झटके दिले. रॉड गुडघ्यांत धरला आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

काका बोटीत उकिडवे बसले होते. कानटोपी, मफलर. रॉड हातात स्थिर. आणि ओठ हलत होते.

संजय सावध झाला. काका एकटे, आसपास कुणी नाही, मग बोलतायत कुणाशी? कानात ब्लूटूथ असणार. कानटोपी त्यासाठीच. दुसऱ्या बाजूला कुणीतरी आहे, बहुतेक अनय. जुळं झालेला माणूस ग्रुपवर एवढा गप्प का असतो, हे संजयला आधीपासूनच खटकत होतं. काकांनी एक झटका दिला, पुन्हा ओठ हलायला लागले. मग त्यांनी खाली वाकून बोटीच्या कडेवरून पाण्यात हात घातला.

"पिंजरा," संजय पुटपुटला.

काकांनी हात वर काढला. हातात रॉडचं टोक. त्याच्या रिंगांत जमलेला बर्फ पाण्यात बुडवून वितळवत होते. पुन्हा बसले. पुन्हा ओठ. संजयने श्वास रोखला. डाव्या डोळ्यात थंडीने पाणी आलं, पण त्याने दुर्बीण हलवली नाही. मिनिट गेलं. दीड मिनिट गेलं.

गुडघ्यांतला रॉड पाण्याकडे निघाला.

त्याने दुर्बीण सोडून दोन्ही हातांनी तो पकडला. झटका नाही, नुसतं जड. ओल्या गोणपाटासारखं जड. मग गोणपाटाने डोकं हलवलं. कयाक खोडाभोवती अर्धी फिरली, थर्मास लवंडला, रीलचा दोरी अडवणारा ड्रॅग कुरकुरला आणि चार मिनिटांनी जाळ्यात जे आलं ते बघून संजयच्या घशातून निघालेला आवाज त्याने नंतर कधी कबूल केला नाही.

गालावर तीट. शेपटीला खाच.

पहिल्या क्षणी त्याला वाटलं, या तीटवालीला काकांनीच त्याच्या गळाला लावलंय. पाण्याखालून. मग त्याने दीडशे यार्डांवरच्या त्या मफलराकडे बघितलं आणि एवढा संशय त्यालाही झेपेना. त्याने जाळं पाण्यातच ठेवून मासा उलटसुलट तपासला. तोंडात दोरीची खूण नाही. खवले कुठे घासलेले नाहीत. पिंजऱ्यात राहिलेला मासा नाकाडावर सोलवटतो, हे त्याने स्वतः नवव्या स्लाइडवर लिहिलं होतं. हिचं नाकाड गुळगुळीत होतं.

म्हणजे ती मोकळी होती. पहिल्यापासून.

आसपास कुणी नव्हतं. जाळं जरा तिरकं केलं असतं तर ती गेली असती. उद्या विक्रमकडे बारा स्लाइड्स पडद्यावर लागल्या असत्या, हात वर झाले असते, काका कानटोपी घालून घरी गेले असते. सातव्या स्लाइडमध्ये चूक दाखवायला जगात एकच साक्षीदार होती, आणि ती बोलणारी नव्हती.

अठरा वर्षं संजयने लोकांच्या चुका शोधल्या होत्या. सापडलेली चूक त्याने एकदाही दाबली नव्हती. फक्त आजवर ती दुसऱ्याची असायची.

"काका!" तो ओरडला. "ओ काका! जरा इकडे या!"

बोट हळूहळू आली. इलेक्ट्रिक मोटर बारीक घरघरत होती. काकांनी आधी कयाक बघितली, मग दुर्बीण, मग जाळ्यात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ही माझी पोरगी तुझ्याकडे काय करून राहिली बे?"

"आत्ता लागली, काका. खरंच."

"अस्सं? कुठे ठेवली होती लपवून?"

"काका, शप्पथ..."

"पिंजरा दाखव पिंजरा. जेटीखाली आहे का?" काकांचा चेहरा दगडासारखा. "विक्रमला सांगतो आता. बारा स्लाइड्स मलेही जमतात म्हटलं. नातीकडून करून घेतो."

 संजयचे कान लाल झाले होते, आणि ते फक्त थंडीने नव्हतं. काकांनी त्याला तसंच थोडा वेळ राहू दिलं. मग मफलरातून हसू बाहेर पडलं.

"थंडीत ती जाईल कुठे बापा? त्या बुडालेल्या रस्त्याच्या कडेला खोडं आहेत, तिथं तिचं घर आहे. सोडली का परत तिथंच. मले दोनदा लागली, तुले एकदा. तिची चूक. आता मोज लवकर, हवेत कल्ले गारठतात तिचे."

संजयने कागद काढला. "अळूवडी" लिहायला गेला तर पेनाची शाई गोठलेली. काकांनी कानटोपीतून बोटभर पेन्सिल काढून दिली. संजयने मासा पट्टीवर ठेवला, तोंड मिटवलं.

"साडेवीस," तो म्हणाला.

"शेपटी चिमटीत धर, पावणेएकवीस होते."

"साडेवीस दिसतंय, काका."

"अबे, चिमटीत धर म्हटलं ना!"

संजयने चिमटीत धरलं. पावणेएकवीस. त्याने पट्टीचा शून्याकडचा कोपरा एकदा अंगठ्याने चाचपून बघितला. काकांनी ते पाहिलं आणि आभाळाकडे बघितलं. फोटो निघाला. तीटवाली त्याच्या हातातून सावकाश, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखी, बुडालेल्या रस्त्याकडे निघून गेली.

त्याने तिथूनच ग्रुपवर फोटो टाकला. हातमोजा काढून, एका बोटाने टाइप केलं: "माझी चूक. मासा मोकळा आहे. काकांच्या सर्व नोंदी बरोबर. स्लाइड्स मागे घेतो. काका, माफ करा." पाठवायच्या आधी दोनदा वाचलं, त्याच्या सवयीप्रमाणे, आणि एकही शब्द बदलला नाही.

अर्ध्या मिनिटात विक्रम आला. "वॉव संजय! पण मित्रा, जस्ट आस्किंग, हा मासा तुझ्या ताब्यात तर नव्हता ना? स्लाइड सात बघ." त्याखाली हसून लोळणारे चेहरे सुरू झाले. अनयनेही एक पाठवला, जुळ्यांना घेऊन जागा असणार.

"उद्या मले सगळ्यांसमोर काय म्हणणार?" काकांनी विचारलं.

"हेच. परत. तोंडाने."

"मग ये. आणि नेत्राले म्हण, गुळाच्या पोळ्या घेऊन ये." काकांनी आपला लूर फेकला, दोन झटके दिले. ओठ हलायला लागले. आता जवळून संजयला ऐकू आलं.

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..."

"पाढा?" संजय म्हणाला. "मला वाटलं तुम्ही फोनवर..." तो थांबला.

"पुरा पाढा होईस्तोवर दोरी हलवायची नाही. घड्याळ बघितलं का माणूस घाई करते." काकांनी तिरप्या नजरेने विचारलं, "तू किती वेळ थांबला होता?"

"मोजलं नाही, काका. तुमच्याकडे बघत होतो."

काकांनी दहापर्यंत पाढा संपवला, दोरी एकदा झटकली आणि पुन्हा स्थिर झाले.

"मग बघत जा," ते म्हणाले.