पोतराजाची नात

राजश्री सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. मनाच्या आजाराची माणसं आधी तिच्याशी बोलतात, मग डॉक्टरांकडे जातात.

गेल्या उन्हाळ्यात घाटनांदूरच्या तुळजाबाई सुनेला घेऊन आल्या. वनमाला तिचं नाव. रांगेतच तिचे केस सुटले आणि ती घुमायला लागली. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल काढला. "नाटकं बंद कर!" शिपाई ओरडला.

राजश्रीनं त्याला मागं सारलं, मोबाइल खिशात घालायला लावले आणि वनमालासमोर फरशीवर मांडी घातली.

"काय पायजे, बाई?"

"हिला झोपू द्या!" वनमालाचा आवाज घोगरा झाला होता. "सा महिने डोळ्याला डोळा न्हाई. फडावर लेकरू गेलं हिचं. हिला रडूबी दिलं न्हाई. दुसऱ्या दिवशी ऊस तोडायला लावला."

तुळजाबाई तिच्याजवळ खाली बसल्या. "मीच म्हणले होते, रडू नको म्हणून," त्या कशाबशा बोलल्या. मग त्यांनी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. वनमाला हंबरडा फोडून रडली. बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी तिला तपासलं, औषध सुरू केलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी राजश्रीला विचारलं, "हे कुठल्या कोर्समध्ये शिकवलं तुम्हाला?"

तिचे आजोबा आबासाहेब तरुणपणी पोतराज होते. धम्म घेतला तेव्हा त्यांनी जटा कापल्या, आसूड टाकला, देवी सोडली. पण नातीला ते सांगायचे, "घुमणाऱ्याला खोटं म्हणू नको, पोरी. देवी न्हाई, पण दुखणं हाय. खाली बस आन् इचार." कॉलेजात असताना कुणी विचारलं तर राजश्री म्हणायची, आजोबा शेतमजूर होते. तेही खरंच होतं.

"आमच्या आजोबांनी शिकवलं, सर," ती म्हणाली. "पोतराज होते ते."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "सगळं सांगा."

पुढं जिल्ह्यातल्या नर्सबाईंच्या प्रशिक्षणात डॉक्टरांनी तिलाच उभं केलं. धारूरच्या, तलवाड्याच्या बाया वही उघडून बसल्या होत्या. राजश्रीनं सुरुवात आजोबांच्या नावानं केली.

वनमाला आता झोपते. लेकराचं नाव घेऊन मोकळेपणानं रडते, कामालाही जाते. अंगात येणं हळूहळू थांबलं. गेल्या महिन्यात तुळजाबाई शेजारणीचा हात धरून पुन्हा दवाखान्यात आल्या.

"मॅडम," त्या दारातूनच म्हणाल्या, "हिचंबी जरा ऐकून घ्या."