लोकांचं मी बघतो

जपानमध्ये मोठा भूकंप झाला त्या वर्षी टोकियोजवळच्या ग्योतोकुमधली बरीच मराठी कुटुंबं तडकाफडकी भारतात निघून गेली. आम्ही राहिलो. आपण पळ काढणाऱ्यांतले नव्हे, हे बाबा पुढे कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्यामुळे काही वर्षांनी मी टोकियोतलं नावाजलेलं विद्यापीठ पहिल्याच वर्षी सोडायचं ठरवलं, तेव्हा ते घरी सांगणं मी कित्येक दिवस पुढे ढकललं.

कॉम्प्युटर सायन्स बाबांना आवडायचं, मला नाही. मला आहारशास्त्र शिकायचं होतं. त्यासाठी आधी दोन वर्षांचं छोटं कॉलेज करायचं, ज्याला इथे तानदाई म्हणतात, आणि मग परीक्षा देऊन दुसऱ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, असा माझा बेत होता. तोयोसुच्या ऑफिसातून आलेल्या बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू बिनधास्त जा. लोकांचं मी बघतो." मला रडूच आलं. असे बाबा कोणाला मिळतात, असं मी मैत्रिणींना सांगत सुटले होते.

त्यांनी बघितलं खरं. मराठी मंडळाच्या गणपतीला ते मला म्हणाले, अभ्यास आहे ना तुझा, कशाला दमतेस, घरीच थांब. दिवाळीच्या कार्यक्रमालाही तेच. येताना माझ्यासाठी आठवणीने डबा भरून आणायचे. किती जपतात मला, असं वाटायचं.

जवळच्या उरायासुमधल्या एका कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, मी पार्टटाइम काम करायचे. एका शनिवारी मंडळातल्या एक काकू चहाची बाटली घेऊन काउंटरवर आल्या आणि माझ्या युनिफॉर्मकडे बघतच राहिल्या.

"अगं, तू पुण्याला असतेस ना? आजीकडे राहून शिकतेयस म्हणाले तुझे बाबा."

मागे रांग होती. मी त्यांना जपानीत विचारलं, पिशवी हवी का?

घरी येऊन जाब विचारला, तर आई खाली मान घालून भाजी चिरत राहिली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. तुला कोणी टोचून बोलू नये म्हणून केलं, असं बाबांचं म्हणणं. लोकांच्या टोचण्याला मी कधीच भ्याले नव्हते. ज्यांच्या भरवशावर मी ताठ मानेने वावरत होते, त्यांनाच माझी लाज वाटत होती. तानदाईत मी आयुष्यात पहिल्यांदा मन लावून शिकत होते, आणि ती वर्षं चारचौघांत सांगण्यासारखी नाहीत हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. माझा संताप संताप झाला.

पुढे मला एका सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला. बाबांचे डोळे भरून आले. "आता सांगता येईल सगळ्यांना," ते म्हणाले, आणि ते इतक्या आनंदाने म्हणाले की मला फार झोंबलं. मी एवढंच म्हटलं, "सांगा, पण खरं सांगा. तानदाईतून गेले म्हणून सांगा." हो, हो, त्यात काय एवढं, असं त्यांनी कबूलही केलं.

संध्याकाळी ते फोन घेऊन बाल्कनीत गेले. दार पुरतं लागलं नव्हतं.

"हो ना, थेट तिसऱ्या वर्षाला," ते कोणाला तरी सांगत होते. "पुण्यात केलेली दोन वर्षं धरली त्यांनी."

काचेतून मी दिसले, तशी त्यांनी पाठ फिरवली आणि आवाज खाली आणला.