किल्लीतली पितळी कडी

महिन्याच्या सुरुवातीला जीएसटीच्या वसुलीचा आकडा पेपरात येतो. तो वाचला की बेंगळुरूच्या शिवाजीनगरातले लेथवाले अण्णा अजून माझ्या डोळ्यांपुढे उभे राहतात.

मी तेव्हा तिथेच पोलिसांत आर्थिक गुन्ह्यांच्या तपासावर होतो. मासिक वसुलीचा आढावा घेताना करखात्यातल्या एका अधिकाऱ्याला एक कंपनी खटकली. तिची विक्री महिन्यागणिक फुगत होती, पण तिजोरीत दमडी जमा होत नव्हती. खोटी खरेदी दाखवून सगळा कर वळता केला जाई. त्याने आम्हाला खबर दिली, मग लेखी फिर्याद आली आणि गुन्हा नोंदवला गेला. कंपनीचे मालक म्हणून नाव होतं अण्णांचं आणि पत्ता त्यांच्या वर्कशॉपचा.

अण्णांना ठाण्यात आणलं तेव्हा ते दारातच हात जोडून उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेलं मराठी घर. मी निपाणीकडचा. माझं मराठी ऐकून ते जरा सावरले.

“साहेब, कंपनी कसली? एक लेथ हाय माझा. स्वल्प ऐका की! लोन करून देतो म्हणून बाजारात एकानं आधार न् लाइट बिल घेतलं. लोन बी नाही, तो माणूस बी नाही.”

त्यांचं बँक खातं गोठवलेलं होतं, गल्लीत बोभाटा झाला होता आणि अटकेसाठी मला वरून तगादा होता. मी सही केली असती तर अण्णा त्याच दिवशी कोठडीत गेले असते. मी आधी जागेचा पंचनामा करायचं ठरवलं.

वर्कशॉपच्या दारात उभं राहून मी कंपनीच्या नोंदणीसोबतचा फोटो ताडून पाहिला. दार तेच होतं. फोटोत त्यावर कंपनीची पाटी होती आणि दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले होते. म्हणजे आयुधपूजेचा, आपल्या खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी आमची जीपसुद्धा माळ घालून मिरवते.

“पाटी कुणी लावली, अण्णा?”

“आत पूजेत होतो, साहेब. गर्दी असते. दारात कोण बी येऊ दे, गाडीला माळ घालतो, चुरमुरे देतो, न् किल्लीला हे.”

खिळ्याला पितळी कड्यांचा झुबका लटकत होता. अण्णांनी स्वतः लेथवर कातलेल्या, प्रत्येकीवर तीन बारीक खाचा.

कंपनीची विवरणपत्रं जे. पी. नगरमधल्या एका कर-सल्लागाराच्या ऑफिसातून भरली जात होती. त्याला चौकशीला बोलावलं. कडक इस्त्रीचा शर्ट आणि तोंडात साखर.

“सर, क्लायंट ने सब ऑनलाइन भेजा. वो दुकान मैंने देखी तक नहीं.”

आमच्याकडे चौकशीला बसण्याआधी मोबाइल, किल्ल्या टेबलावर काढून ठेवायला लावत. त्याच्या स्कूटरच्या किल्लीत पितळी कडी होती. मी ती हातात घेऊन फिरवली. तीन खाचा.

“छान है. कहाँ से ली?”

“पूजा में किसी ने दी, सर.”

बोलून गेल्यावर आपण काय कबूल केलं ते त्याला कळलं आणि त्याचा चेहरा पडला. एवढ्यावर कोर्टात निभाव लागला नसता, पण त्याच दिवशी झडती घेतली आणि ती पाटी त्याच्याच ऑफिसच्या माळ्यावर सापडली. मग त्याने सगळं सांगितलं. अण्णांचे कागद बाजारातल्या त्या लोनवाल्याने आणून दिले होते. याने पाटी अडकवून फोटो काढला, पाटी उतरवली आणि निघणार तोच अण्णांनी बाहेर येऊन त्याच्या स्कूटरला माळ घातली. त्यानेही निवांत घालून घेतली. ज्याला लुटायचं त्याच्याकडून प्रसाद घेणारा हा बहाद्दर आठवला की मला आजही हसू येतं.

अण्णांचं नाव गुन्ह्यातून वगळलं गेलं. नोकरीत मला थोडंफार कौतुक मिळालं, पण खातं मोकळं झालं त्या दिवशी अण्णा जे रडले, त्याचं समाधान मला जास्त आहे. गुन्हेगार पुरावे जपून नष्ट करतो, पण फुकट मिळालेला मान त्याला किरकोळ वाटतो, हे मी या तपासात शिकलो. पुढे प्रत्येक चौकशीत मी माणसाच्या किल्ल्या आधी बघत असे.

आता निवृत्त झालोय. के. आर. पुरमहून आयुधपूजेला न चुकता शिवाजीनगरला जातो. गेल्या खेपेला अण्णांनी माझ्या जुन्या स्कूटरला माळ घातली आणि पेपर पुढे केला.

“बघा साहेब, वसुली परत वाढलीय. माझी कंपनी बंद पडली तरी!”

आणि पोट धरून हसत त्यांनी माझ्या किल्लीत आणखी एक कडी अडकवली.